फर्स्ट ओनर

जुनी गाडी बघायला माणूस कधी एकटा येत नाही. मेहुणा असतो, गावाकडचा मिस्त्री असतो, 'गाडीतलं कळणारा' एक मित्र असतो आणि बहुतेक वेळा ह्या तिघांचं एकमेकांशी पटत नसतं. मिस्त्री बॉनेट उघडून डिपस्टिक ओढतो. मित्र दरवाजे आपटून आवाज ऐकतो. मेहुणा नुसतं नाक मुरडतो, कारण नाक मुरडल्यानं पाच-दहा हजार कमी होतात असा त्याचा अनुभव असतो. ज्याला गाडी घ्यायची तो मात्र जरा लांब उभा राहून मोबाइल बघत असतो. त्याला गाडी आवडलेली असते आणि ते आम्हाला कळू नये एवढीच त्याची धडपड असते. शेवटी बायको येते, मागच्या सीटवर बसून वास घेते आणि बाकी कुणीच न विचारलेला प्रश्न विचारते, "ह्या गाडीत कुणी गेलंय का हो?"

ह्याचं उत्तर आरसी बुकात नसतं, विम्याच्या कागदातही नसतं. मला ठाऊक असेल तर मी सांगतो. ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' म्हणतो, आणि ते ऐकून निम्मी गिऱ्हाइकं परत जातात.

कोल्हापुरात ह्या धंद्यात माझं अर्ध्याहून जास्त आयुष्य गेलं. १९९८ मध्ये उद्यमनगरातल्या एका गॅरेजात हेल्पर म्हणून लागलो. रस्त्यावर तेव्हा मारुती ८०० आणि ओम्नीचं राज्य होतं, पद्मिनी आणि अँबॅसिडर मोडीत निघत होत्या, आणि त्याच वर्षी सँट्रो आणि इंडिका बाजारात आल्या. गॅरेजात चार पैसे मिळत नव्हते पण हात काळे करून यंत्र कळलं. मग एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडं गेलो. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णांना इंजिनातलं फारसं कळत नव्हतं. ते गाडीआधी विकणारा माणूस बघत. चहा सांगत आणि मधेच विचारत, "पंक्चर कुठं काढता?" ज्याला आपला पंक्चरवाला सांगता येत नाही त्यानं ती गाडी स्वतः चालवलेली नाही, हा त्यांचा ठोकताळा. ड्रायव्हरच्या हातची गाडी, भाड्यानं फिरलेली गाडी, भावाभावांत वाटून वापरलेली गाडी, हे सगळं त्या एका प्रश्नात बाहेर पडायचं.

आमच्या धंद्याचं पंचांगही वेगळं. अमावास्येला कुणी टोकन देत नाही. नंबरची बेरीज आठ येत असेल तर चांगली गाडी महिनाभर पडून राहते. पितृपंधरवड्यात गिऱ्हाईक फिरकत नाही, म्हणून डीलर त्याच पंधरवड्यात खरेदी करतो. घटस्थापनेला चौकशी सुरू होते, दसऱ्याला डिलिव्हरी. (शाही दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक येते तेव्हा कोल्हापूर ती बघायला लोटतं. 'किती पडेल?' असं ज्या जुन्या गाडीबद्दल मला आजवर कुणी विचारलं नाही अशी ती एकच.) पण खरा हंगाम त्याच्या पुढं, कारखान्यांची उसाची बिलं जमा व्हायला लागली की. शिरोळ, कागल, करवीरकडची माणसं तेव्हा रोख घेऊन येतात. त्यांना बोलेरो हवी असते. शहरातला नोकरदार वॅगनआर आणि स्विफ्ट बघतो. इचलकरंजीला यंत्रमागाला मंदी आली की तिकडून गाड्या विकायला येतात. आधी मुलाची येते, मग मालकाची. पेपरात बातमी यायच्या कितीतरी आधी मंदी आमच्या यार्डात येऊन उभी राहिलेली असते.

आणि बाजार कुठल्या गोष्टीनं हलेल ह्याचा नेम नाही. जानेवारी २००८ मध्ये लाख रुपयांची नॅनो दाखवली गेली आणि मारुती ८०० बघायला आलेली माणसं 'जरा थांबतो' म्हणून निघून गेली. नॅनो रस्त्यावर यायला पुढचं वर्ष उजाडलं, पण आमच्या ८०० चे भाव त्याआधीच खाली आले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा गेल्या आणि रोखीवर चालणारा हा धंदा हिवाळाभर गोठला. उलट करोनानंतर लोकांना एसटीत, वडापमध्ये बसायची भीती वाटू लागली, नव्या गाड्यांना चिप मिळेनात, आणि आम्ही वर्षापूर्वी जी गाडी नाइलाजानं घेतली होती तिच्यासाठी दोन-दोन गिऱ्हाइकं भांडली. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला तेव्हा माझ्या यार्डातल्या प्रत्येक गाडीची किंमत मी झोपेत असताना उतरली. नवी गाडी स्वस्त झाली की जुनी आपोआप स्वस्त होते, हे गिऱ्हाइकाला लगेच कळतं. विकणाऱ्याला समजवायला मात्र दोन महिने गेले.

गाडी वाचायची कशी, हे लोक फार कौतुकानं विचारतात. त्यात जादू काही नाही. मालवण-रत्नागिरीकडची गाडी वरून कितीही चकचकीत असली तरी खाऱ्या हवेनं खालून खाल्लेली असते, म्हणून ती आधी जॅकवर घ्यायची. ऊसपट्ट्यातल्या गाडीच्या रेडिएटरसमोरच्या जाळीत पाचटाचा भुगा सापडतो. आणि कोल्हापूरची गाडी ओळखायची सोपी खूण म्हणजे वायपरखालची प्लॅस्टिकची जाळी. पेचकसनं ती उचलली की आत गुलाल दिसतो. गाडी घेतली की नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि पहिली फेरी जोतिबाला. तिथला गुलाल पावसानं जात नाही, सर्व्हिसिंगच्या फवाऱ्यानंही जात नाही. 'पुण्याची गाडी आहे, साहेबांनी एकट्यानं वापरलीय' म्हणून कुणी आणली आणि जाळीत गुलाल निघाला, की आम्ही वाद घालत नाही. भाव तेवढा कमी सांगतो.

मीटर मागं घेणं हा ह्या धंद्यातला सगळ्यात स्वस्त गुन्हा. पूर्वी केबल काढून आकडे उलटे फिरवत, त्याला निदान वेळ लागायचा. आता लॅपटॉप जोडला की चहा पिऊन होईपर्यंत काम उरकतं. म्हणून मी मीटर बघतच नाही. ब्रेक पॅडलचं रबर बघतो, ड्रायव्हर सीटची दरवाजाकडची कड बघतो, स्टिअरिंगवर तळवा टेकतो ती जागा बघतो. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचं पॅडल गुळगुळीत होत नाही. त्यातून शंका राहिलीच तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुन्या सर्व्हिसिंगच्या नोंदी काढायच्या. मागच्या वर्षी तिथं नव्वद हजार लिहिलेलं असतं आणि मीटरवर बावन्न.

यंत्राच्या बाबतीत आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं ते पुरानं. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता काही दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. दोन्ही वेळा सखल भागात पार्किंगमधल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. पाणी ओसरलं की माणूस धावत जाऊन काय करतो, तर किल्ली फिरवून बघतो. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि जी गाडी टोचन करून नेली असती, धुऊन वाळवली असती तर कदाचित वाचली असती, ती तिथंच संपते. त्या दिवसांत मी ओळखीच्या प्रत्येकाला फोन करून एकच सांगत होतो, "किल्ली लावू नका, बॅटरीची वायर काढा." निम्म्यांनी फोन ठेवल्यावर आधी किल्लीच लावली.

दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते. मालकाला पैसे मिळतात, गाडी लिलावात जाते. लिलावात ती भंगारवाला घेतो असं लोकांना वाटतं. भंगारवाल्यापेक्षा जास्त बोली लावणारा एक माणूस तिथं असतो, आणि तो ती भंगारात घालायला घेत नाही. तो सीटा काढतो, कार्पेट बदलतो, वायरिंग वाळवतो, आतून सुगंधी फवारा मारतो आणि गाडी लांब पाठवतो. पुराची गाडी पुराच्या गावात कधी विकली जात नाही, कारण इथं सगळे शहाणे झालेले असतात. ती जाते कमी पावसाच्या जिल्ह्यांत. तसंच उलटही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर मुंबई-ठाणे पासिंगच्या गाड्या घाटावर इतक्या स्वस्त येऊ लागल्या की अण्णांनी एमएच ०१ पासून ०४ पर्यंत घ्यायचंच बंद केलं. "देव सुद्धा एवढं स्वस्तात देत नाही," म्हणाले, "आणि ही मुंबईची माणसं आपल्याला कशाला देतील?"

पुराची गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा. बाहेरचा भाग धुतात, गुंडाळलेला भाग धुवायचा राहतो, आणि त्यावर पाणी कुठवर चढलं होतं त्याची सरळ रेघ असते. स्टेपनी उचलून खालच्या खड्ड्यात बोट फिरवायचं. सीटच्या पट्ट्यांचे बोल्ट बघायचे. दोन वर्षांच्या गाडीच्या बोल्टांना गंज येण्याचं कारण नसतं. हेडलाइटच्या काचेत आतून ओल धरलेली असेल तर विचारायचं का. आणि एसी बंद काचांत दहा मिनिटं चालवायचा. फवाऱ्याचा वास आधी येतो, गाळाचा त्याच्या मागून.

हे सगळं शिकायला वर्षं गेली, ते सांगायलाही आवडतं. पण खरं सांगतो, यंत्रामुळं आयुष्यातून उठलेलं गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही. इंजिन गेलं तर काम निघतं, माणूस चार दिवस शिव्या घालतो, कर्ज काढतो, पुन्हा गाडी चालवतो. उद्यमनगरात न सुटणारा यंत्राचा आजार मी अजून बघायचा आहे. उठलेली माणसं मी पाहिली ती कागदामुळं. आणि गंमत म्हणजे ती बहुतेक घेणारी नव्हती, विकणारी होती. ज्यांनी पैसे मोजून घेतले, किल्ली दिली आणि सुटलो म्हणून घरी गेले, अशी.

गाडी विकताना मालक २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा, कलम ५०. विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत नाव लावून घ्यायचं. धंद्यात हे फॉर्म कोरे घेतात. नाव, पत्ता, तारीख सगळं मोकळं, खाली सही तेवढी. सोबत आधारची झेरॉक्स, दोन फोटो, आरसी. हा गठ्ठा रबर लावून डीलरच्या कपाटात जातो आणि गाडीबरोबर एका कपाटातून दुसऱ्या कपाटात फिरतो.

असं का होतं, तर आरसीवर मालकाचा क्रमांक असतो म्हणून. समजा राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांनी स्विफ्ट विकली आणि मी घेतली. माझ्या नावावर केली तर मी दुसरा मालक, माझं गिऱ्हाईक तिसरा. दुसऱ्या आणि तिसऱ्या हातात किमतीचा चांगलाच फरक पडतो, वर फी, एजंटचे पैसे, घालवलेले आठवडे. म्हणून मी करत नाही. इचलकरंजीचा डीलर माझ्याकडून घेतो, तोही करत नाही. तो जतच्या एकाला देतो, त्याला हंगामापुरती हवी असते, तो कशाला करेल? गाडी चार हात फिरते आणि कागदावर डॉक्टरसाहेबच राहतात. जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'फर्स्ट ओनर, डॉक्टर वापर'. ह्यात कुणी दरोडेखोर नाही. प्रत्येकानं आपापल्या जागी चार पैसे वाचवलेले आहेत, आणि त्या सगळ्या बचतीचा बोजा अशा माणसावर आहे ज्याला गाडी आता कुठल्या जिल्ह्यात आहे हेही माहीत नाही.

ह्यात एक विचित्र गोष्ट माझ्या लक्षात आली ती खूप उशिरा. कर्ज काढून गाडी घेणाऱ्याचं नाव हमखास लागतं, रोखीनं घेणाऱ्याचं राहतं. कर्ज देणारा आरसीवर आपला बोजा चढवल्याशिवाय पैसे सोडत नाही, आणि बोजा चढवायचा तर आधी कर्जदाराचं नाव लागावं लागतं. म्हणजे नाव बदलायची काळजी बँक घेते, तीही स्वतःसाठी. विकणाऱ्याला वाटतं रोख पैसेवाली पार्टी चांगली, झंझट नाही. मी माझ्या ओळखीच्यांना सांगतो, दहा हजार कमी येऊ देत, पण कर्जवाल्याला विका.

पन्हाळ्याकडचे एक निवृत्त शिक्षक एकदा यार्डात आले. गाडी घ्यायला नव्हे. त्यांच्या हातात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस होती. त्यांनी आपली अल्टो एका एजंटमार्फत विकली त्याला काही वर्षं झाली होती. शंभराच्या स्टँपवर करार होता, दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या, तो कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. त्या अल्टोनं मराठवाड्यात कुठंतरी एका मोटरसायकलवाल्याला उडवलं होतं. चालवणारा भलताच. विमा संपलेला. आणि आरटीओच्या दप्तरात मालक म्हणून गुरुजी.

मी त्यांच्याबरोबर साखळी शोधायला फिरलो. आमच्या धंद्यातली माणसं एकमेकांना ओळखतात, त्यामुळं पहिले दोन हात लगेच सापडले. दोघांनीही चहा पाजला आणि दोघांनीही 'आपण तर पुढं दिली' म्हणून सांगितलं. तिसऱ्याचा फोन लागला नाही. वकिलानं गुरुजींना सरळच सांगितलं की स्टँपच्या कागदावर फार विसंबू नका. कायद्याच्या लेखी ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अशाच एका खटल्यात ते स्पष्ट केलं आहे. त्यातल्या मूळ मालकानं गाडी २००७ मध्ये विकली होती, ती पुढं हातोहात गेली, २००९ मध्ये अपघात झाला, तोवर नोंदणीत नाव पहिल्याचंच होतं. भरपाईची जबाबदारी न्यायालयानं त्याच्यावरच ठेवली. जखमी माणसानं विक्रीच्या साखळीत कुणाकुणाला शोधत फिरायचं, असा न्यायालयाचा सवाल होता, आणि त्या जखमीच्या जागी उभं राहून बघितलं तर तो चुकीचा म्हणता येत नाही.

गुरुजींचं प्रकरण लोकअदालतीत मिटलं. पैसे त्यांनी निवृत्तीच्या रकमेतून भरले. परत जाताना मला म्हणाले, "मला एवढंच सांग, मग मी विकलं काय?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. गाडी गेली होती, पैसे मिळाले होते, आणि मालक तेच होते.

दुसरा एक कागदी आजार आपल्याकडं घरोघरी आहे. पतसंस्थेचं कर्ज घेऊन गाडी घेतलेली असते, हप्ते संपलेले असतात, पण आरसीवरचा बोजा उतरवलेला नसतो. बोजा उतरवायला ३५ नंबरच्या फॉर्मवर संस्थेची सही-शिक्का लागतो. आणि संस्था बुडालेली. दाराला कुलूप, अवसायक तालुक्याच्या गावी आठवड्यातून एकदा येणार, जुनी खातेवही सापडेल तेव्हा सापडणार. कर्ज फेडलेला माणूस फेडल्याचा पुरावा मागत फिरतो. अशा गाड्या आम्ही घेत नाही. दुसरं कुणी घेतलं तर निम्म्या किमतीत घेतं, आणि अर्थातच कोऱ्या फॉर्मवर.

परराज्यातल्या गाडीचं थोडक्यात सांगतो. दिल्लीत १० वर्षांवरचं डिझेल बंद म्हणजे बंद, असं ठरलं आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं, तेव्हापासून तिकडच्या मोठ्या डिझेल गाड्या निम्म्या भावात दक्षिणेकडं येऊ लागल्या. गाडी बरी असते. पण तिकडची एनओसी, इथला रोड टॅक्स, नवं पासिंग ह्यात स्वस्ताई विरघळते. ते टाळून माणूस तसाच डीएल नंबरवर फिरतो. आमच्याकडं केए आणि जीए नंबरही खूप. निपाणी-बेळगावकडं तर घर एका राज्यात आणि शेत दुसऱ्या राज्यात, तिथल्या माणसाला काय बोलणार? पण गाडी कायम इथं ठेवायची तर बारा महिन्यांच्या आत इथला नंबर घ्यावा लागतो, एवढं सांगून मी मोकळा होतो.

सरकारनं ह्या कोऱ्या फॉर्मच्या रोगावर औषध काढलेलं नाही असं नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून प्राधिकारपत्र घ्यावं लागतं. मालकानं गाडी डीलरच्या ताब्यात दिली की ते दोघं मिळून पोर्टलवर कळवतात. तिथून पुढं ती विकली जाईपर्यंत जबाबदारी डीलरची, तो मालक मानला जातो, आणि तेही आरसीवर नवं नाव न चढवता. म्हणजे डीलरची जी अडचण होती, मालकाचा क्रमांक वाढण्याची, ती ह्यात सुटते. इतका शहाणपणाचा नियम ह्या धंद्यात मी दुसरा पाहिला नाही. मी तो पाळतो. महामार्गावरची मोठी यार्डंही पाळतात. पण चहाच्या टपरीवर बसून दोन फोनवर धंदा करणाऱ्या माणसाला प्राधिकारपत्र कोण विचारणार? विकायला आलेला माणूस माझ्याशी पाच हजारांसाठी तासभर घासाघीस करतो. पोर्टलवरची पोच आजवर मागितली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनी, आणि त्यातले बहुतेक बँकेतले.

पोर्टलच्या पण गमती आहेत. नाव बदलायला मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जातो. चांगलंच आहे. पण नोंदी संगणकावर चढल्या तेव्हा कितीतरी ठिकाणी मोबाइलच्या रकान्यात एजंटांनी स्वतःचे नंबर टाकले. मालक समोर, गिऱ्हाईक समोर, मी समोर, आणि ओटीपी जातो धंदा सोडून गावी म्हशी पाळणाऱ्या एका माजी एजंटला. त्याला फोन करून आकडे विचारायचे. तो बिचारा सांगतो, कधी पैसे मागतो.

अलीकडं गाडी विकायची म्हटलं की कंपनीचा मुलगा घरी येतो. हातात टॅब, रंगाची जाडी मोजायचं यंत्र, भली मोठी यादी. तो शेकडो खुणा करतो, फोटो काढतो, आणि गाडी मोबाइलवर लिलावाला लागते. बोली लावणारे आम्हीच असतो, कोल्हापूरचे, सांगलीचे, पुण्याचे. हे मुलगे इंजिनचा आवाज ऐकत नाहीत आणि पंक्चरवाल्याचं नाव विचारत नाहीत, म्हणून आमच्यातले जुने लोक त्यांची चेष्टा करतात. मी करत नाही. गाडीची पारख आमची जास्त असेल. पण नाव बदलून झाल्याचा मेसेज विकणाऱ्याच्या फोनवर येईपर्यंत मागं लागायची जी पद्धत ह्या कंपन्यांतल्या चांगल्यांनी लावली, ती आम्ही लावायला हवी होती. आम्ही 'साहेब, काळजी करू नका' म्हणत राहिलो.

ह्या धंद्याला लोक फसवाफसवीचा धंदा म्हणतात, त्याचं मला फार वाईट वाटत नाही. माझ्याकडून गाडी नेणाऱ्या बहुतेकांच्या घरात ती पहिली चारचाकी असते. म्हातारी आई पुढच्या सीटवर बसायला तयार होत नाही, मुलं हॉर्न सोडत नाहीत, आणि आठवड्यानं कुणीतरी पेढे आणून देतं. नव्या गाडीच्या शोरूमवाल्यांना हे सुख ह्या प्रमाणात मिळत नसावं. घेणारा फसू नये म्हणून आता बरंच झालेलं आहे. त्याच्याबरोबर मेहुणा आहे, मिस्त्री आहे, ॲप आहे. विकणाऱ्याबरोबर कुणीच नसतं, कारण त्याला काही धोका आहे असं त्याला स्वतःलाच वाटत नाही.

तेव्हा ज्यांनी कधी गाडी विकली असेल त्यांच्यासाठी. आपल्या जुन्या गाडीचा नंबर माणूस विसरत नाही. एमपरिवहन ॲपवर तो टाकून बघा. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं दिसतं, पण स्वतःचं नाव दोन अक्षरांवरूनही ओळखू येतं. विमा चालू आहे की नाही तेही तिथंच दिसेल. नाव तुमचंच असेल तर विक्रीचा करार, डिलिव्हरी नोट, घेणाऱ्याचा आधार, जे हाताशी असेल ते घेऊन आरटीओत जा, २९ नंबरचा फॉर्म स्वतः भरून द्या आणि तारखेच्या शिक्क्याची पोच घ्या. पोच हातात पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.